आजोबांचा लढाईतला अल्बम : चिकटलेले फोटो सोडवतानाच्या नोंदी

९ जुलै २०२३

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतून मामाकडून अल्बम आणला. आजोबा (आईचे वडील) दुसऱ्या महायुद्धात लॉरी ड्रायव्हर होते, आर.आय.ए.एस.सी. म्हणजे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. १९४१ ला स्वतःहून भरती झाले. त्या लढाईत आपल्याकडं सक्तीची भरती नव्हती, जे पंचवीस लाख गेले ते सगळे भरती होऊन गेले. आजोबा त्याआधी कोकणात जाणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होते. घाटात गाडी चालवायला मिळत नव्हती, सैन्यात लगेच स्टिअरिंग मिळालं, एवढंच कारण ते सांगायचे. १९४६ ला सुटून आले आणि शाहूपुरीतनं गुळाच्या गाड्या भरून नेऊ लागले.

अल्बम काळ्या जाड कागदाचा, दोरीनं बांधलेला, २४ पानं. २०१९ च्या पुरात ट्रंकेत पाणी शिरलं तेव्हा खालची निम्मी पानं भिजली. मामीनं तो दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर उन्हात वाळवला. त्यामुळं आता पानं विटेसारखी एकमेकांना धरून बसलीत. मामीला दोष नाही. त्या वेळी घरात गाळ होता, अल्बमकडं कोण बघणार.

मोजणी : पानावर चिकटवलेले ८७, सुटे २५, एकूण ११२. त्यातल्या १४ जोड्या एकमेकांना तोंडाला तोंड किंवा तोंडाला पाठ लावून चिकटलेल्या.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. फोटो जपण्याचं शिक्षण नाही. जे चुकलं तेच जास्त लिहिणार आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाला पुराचा अल्बम हाती आला तर त्याचे फोटो तरी वाचतील.

१६ जुलै

आजचा अख्खा रविवार वाया. भाच्याचा घरगुती स्कॅनर आणला आणि अल्बम उपडा घालून झाकण दाबलं. पान ४ बांधणीजवळ तडकलं. काळा कागद इतका करकरीत झालाय की १८० अंशात उघडतच नाही. वर स्कॅनमध्ये फोटोंच्या काळ्या भागावर निळसर-चंदेरी तवंग आला. ही चांदी आहे. जुन्या कृष्णधवल फोटोत चांदीच असते, ओलीनं ती वर सरकून पृष्ठभागावर आरशासारखी बसते. पुसून जात नाही. पुसायचा प्रयत्नही करू नका, मी एका कोपऱ्यावर केला आणि तिथं चरा पडला.

स्कॅनर परत.

२५ जुलै

सहा दिवस पाऊस थांबलेला नाही. मामाचा रोज सकाळी फोन, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फूट झालं म्हणून. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे आमच्या पेठेत पोरांनाही पाठ आहेत. अल्बम माझ्याकडं दुसऱ्या मजल्यावर आहे तरी त्यांचा जीव खाली-वर होतोय.

पानांवर पांढरी बुरशी नव्यानं आली. आधी जुनी वाळलेली बुरशी होती, ती मी खोलीत बसून ब्रशनं झाडली होती. दोन चुका एकदम : खोलीभर उडाली, मला चार दिवस खोकला, आणि बहुतेक तीच दमट हवेत परत सगळीकडं बसली. बुरशी झाडायची तर बाहेर, कोरड्या दिवशी, तोंडाला मास्क लावून आणि आपल्यापासून लांबच्या दिशेनं.

काम बंद. अल्बम धान्याच्या मोठ्या डब्यात, तळाला ओल शोषणारं सिलिका जेल २ किलो (५२० रुपये), वर जाळी, त्यावर अल्बम. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की कढईत भाजून घ्यायचे. मामी म्हणाली डांबरगोळ्या टाक. टाकल्या नाहीत. कपड्यांचं ठीक आहे, फोटोंना तो वास आणि वाफ नको.

१९ नोव्हेंबर

चार महिने गेले. गणपती, नवरात्र, दिवाळी. हवा कोरडी झाली. खरं तर सुरुवातच आज करायला हवी होती. कोल्हापुरात असलं काम दिवाळीनंतर सुरू करून शिमग्याच्या आत संपवायचं. उन्हाळ्यात का नाही ते १० डिसेंबरच्या नोंदीत कळेल.

स्कॅनरऐवजी वरून कॅमेऱ्यानं फोटो काढायचे ठरवलं. जुन्या बाजारात एका बंद पडलेल्या स्टुडिओचं एन्लार्जर (निगेटिव्हवरून फोटो मोठा करून छापायचं यंत्र) भंगारात होतं, त्याचा उभा खांब आणि लाकडी पाट ५०० रुपयांना मिळाला. डोकं काढून तिथं कॅमेऱ्यासाठी पट्टी टर्निंग करून बसवली. पट्टी पहिल्यांदा दोन मिलिमीटर तिरकी झाली, फोटोची एक कड अस्पष्ट यायची. पाटावर आरसा ठेवला, त्यात लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्ये येईपर्यंत पट्टीखाली पत्र्याचे तुकडे घातले. आरशाची ही युक्ती लक्षात ठेवा, लेव्हल बाटलीपेक्षा अचूक.

कॅमेरा भाच्याचा, २४ मेगापिक्सेल. आजोबांचे बरेच फोटो ६ बाय ९ सेंटिमीटरचे, म्हणजे १२० च्या रिळाचे निगेटिव्हएवढेच छापलेले. फ्रेम भरून घेतला तर इंचाला जवळजवळ १,७०० ठिपके मिळतात. पुरे.

२६ नोव्हेंबर

चंदेरी तवंगावर उपाय सापडला. दोन्ही एल.ई.डी. दिव्यांपुढं (स्टँडसकट ६४०) पोलरायझिंग फिल्म (९००), लेन्सवर पोलरायझर (१,१५०). लेन्सवरचा फिरवत गेलं की एका जागी चांदीची चमक एकदम मरते आणि खालचं चित्र वर येतं. पहिला फोटो असा बघितला तेव्हा काळ्या डागात एक अख्खी लॉरी उभी होती. दिवे ४५ अंशात, दोन्हीकडून सारख्या अंतरावर.

लॉरीबद्दल लिहायलाच हवं. आखूड नाकाची शेवर्लेट, कॅनडात बनलेली. पुढची काच उलटी कललेली : वरची कड पुढं, खालची मागं. आकाशातल्या विमानाला काचेची चमक दिसू नये म्हणून. केबिन इतकी पुढं सरकवलेली की इंजिन जवळजवळ मांडीला लागतं. आजोबांचे दोन्ही गुडघे म्हातारपणी दुखायचे. त्याचं कारण हेच असेल असं मला वाटून गेलं, पण मेकॅनिकला सगळीकडं इंजिनच दिसतं.

आज ११२ पैकी ६१ झाले, आहेत त्या स्थितीत, पानासकट. हात लावण्याआधी सगळं आहे तसं टिपून घ्यायचं. याला कंटाळा करू नका.

३ डिसेंबर

पानावरून फोटो उचलायला सुरुवात. हॅक्सॉचं जुनं पातं ग्राइंडरवर घासून, टोक गोल करून, बफ मारून पातळ पाटी बनवली. विकतची घ्यायची तर महाग आणि माझ्या हाताला ती पटतही नाही.

फोटो तीन तऱ्हांनी लावलेले निघाले. सुरुवातीची पानं कोपऱ्याच्या खाचांनी. मधली खळीनं. शेवटची पानं मात्र कशानं, ते कळेना. फोटोंच्या मधोमध तपकिरी डाग, बरोबर लाडवाएवढे. पाटी घातली तर खालून चुरा पडला. चुरा बोटांत चोळून नाकाला लावला आणि हसू आलं. पंक्चरचं सोल्युशन! ड्रायव्हर माणूस, हाताशी डबी, लावलं. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत रबर कुजून पिवळं-तपकिरी झालं आणि डाग कागदातून पुढच्या बाजूला आला. एकच फायदा : ते इतकं वाळलंय की सगळ्यांत सोपं तेच सुटतं. डाग जात नाही. पेट्रोल, थिनर काही लावू नका. मी लावलं नाही, पण बाटली हातात घेतली होती.

पाठीमागं फोटोच्या कागदाची नावं : काहींवर वेलॉक्स, काहींवर फेरानिया. फेरानिया इटलीतली कंपनी. म्हणजे ते फोटो तिथंच छापून घेतलेत.

आणि पाठीमागं लिखाण! हे कुणालाच माहीत नव्हतं. ५८ फोटोंच्या पाठी मोडीत एक-दोन ओळी. मामा पासष्ट वर्षांचा आहे, अल्बम जन्मापासून घरात, त्यानं एकदाही पाठ बघितलेली नाही. बघणार कशी, चिकटवलेलेच होते.

१० डिसेंबर

वाईट दिवस.

चिकटलेल्या जोड्या आज घेतल्या. पद्धत अशी : फोटोवरचा जिलेटिनचा थर पाण्यात फुगतो आणि सुटतो. डिस्टिल्ड वॉटर, ट्रेमध्ये जोडी बुडवायची, अर्धा-पाऊण तास थांबायचं, हातानं ओढायचं नाही, आपणहून सरकली तर सरकवायची. पाणी गार हवं, वीसच्या आसपास. कोमट झालं की जिलेटिन मऊ होऊन चित्रच वाहून जातं. एप्रिलमध्ये आपल्याकडं नळाचं पाणीच कोमट असतं, म्हणून उन्हाळ्यात हे करायचं नाही. आज सकाळी पाणी १९ अंश होतं.

पहिल्या पाच जोड्या झकास सुटल्या. मी हवेत. मामाला फोन करून सांगितलं. सहावी जोडी, पान १७ ची, बुडवली आणि चहा घ्यायला गेलो. आलो तर ट्रे जांभळा.

लिखाण शिशाच्या पेन्सिलीचं नव्हतं. ती कॉपिंग पेन्सिल, जी कोरडी असताना करडी दिसते आणि पाणी लागलं की जांभळी शाई होते. थोरल्या मामांच्या पोस्टातल्या टेबलावर मी लहानपणी ती बघितलेली, जिभेला लावून लिहायचे. ओळखायला हवी होती. पाठीवरच्या दोन ओळींची निळी-जांभळी थारोळी झाली. वरच्या ओळीतलं अर्धंमुर्धं राहिलं, खालची ओळ गेली. फोटो काढून ब्लॉटिंगवर ठेवला तोवर शाईचा ओघळ पुढच्या बाजूला एका माणसाच्या बाहीवर आला होता.

सगळ्यांत राग याचा की पाठीचा फोटो काढलेला नव्हता. काढणार कसा, पाठ दुसऱ्या फोटोला चिकटलेली होती. पण कड थोडी उचललेली होती, तिथं ओल्या काडीचं टोक लावून बघता आलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

नियम (आजपासून) : कोणत्याही फोटोला पाणी लावण्याआधी लिखाणाच्या एका टोकाला, शेवटच्या रेघेला, कापसाची किंचित ओली काडी टेकवायची. काडी जांभळी झाली की पाणी बंद. हातानं रंगवलेले स्टुडिओतले फोटोही बुडवायचे नाहीत, तसे तीन आहेत, कैरोचे.

मामाला सांगितलं नाही.

१४ डिसेंबर

मामाला सांगितलं. तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "पुरानं नेलं नाही ते तू नेलंस व्हय." मामी मधे पडली : "आरं, फोटू तरी आलाय की. गेलं असतं तर काय बोंबलणार हुतास?" मी पाव किलो भडंग घेऊन गेलो होतो, ते तिघांनी खाल्लं.

वाळवण्याबद्दल : ओला फोटो आधी बटर पेपरवर ठेवला (१८० रुपयांचे बटर पेपर, वाया), तो गुंडाळला आणि बटर पेपर कडेला धरून बसला. नंतर तोंड वर करून नायलॉनच्या जाळीवर, आणि अर्धवट वाळल्यावर दोन ब्लॉटिंगच्या मधे (२५ ताव, ३७५), वर काच. सरळ राहतात.

१७ डिसेंबर

लॉऱ्यांच्या मडगार्डवर एक चौकोन असतो, त्यात डिव्हिजनचं चिन्ह. आजोबा कुठल्या डिव्हिजनबरोबर होते ते त्यावरून कळणार. पण सगळ्या फोटोंत चौकोन कोराच, काळा. माझा तर्क असा की सेन्सॉरनं रंग फासायला लावला असेल. हा तर्क वहीत तीन ठिकाणी लिहून ठेवला होता. तिन्ही खोडले.

मंगळवार पेठेतले एक जुने फोटोग्राफर, वय ऐंशीच्या पुढं, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "लाल रंग असंल. जुन्या फिल्मला लाल दिसतच नव्हता. आम्ही लाल दिव्यात फिल्म धुवायचो ती काय उगाच?" बरोबर! त्या काळची बरीचशी साधी रिळं लालला आंधळी. जी फिल्म लाल दिव्याखाली धुता येते तिला लाल वस्तू काळीच दिसणार.

घरी येऊन चौकोनाचा काळा भाग कॉम्प्युटरवर जितका उजळता येईल तितका उजळला. काळ्यात अगदी पुसट काळं, पसरलेले पंख. काळ्यावर लाल गरुड म्हणजे चौथी हिंदी डिव्हिजन.

मग सगळं रांगेत बसायला लागलं. वाळवंटातले फोटो. १९४४ च्या मार्चमधला इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक, धुराचा खांब आणि पुढं टारपॉलिनवर राख घेऊन उभी लॉरी. डोंगरावर एक मोडकी इमारत, हा मोंते कासिनोचा मठ असणार. १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तो पाडला, तेव्हा चौथी डिव्हिजन त्याच डोंगराखाली होती. लॉऱ्या डोंगराच्या पायथ्याच्या गावापर्यंतच, वर खेचरांवरून माल. शेवटची पानं अथेन्सची, आक्रोपोलिसच्या खांबांत सहा जण चहाचे मग घेऊन बसलेत. डिव्हिजन १९४४ च्या शेवटी ग्रीसला गेली ते जुळतं.

लढाईचा मात्र एकही फोटो नाही. चाक बदलणं, बॉनेटवर वाळत घातलेले मोजे, पुलासाठी लागलेली रांग, कोंबडी हातात धरलेला स्वयंपाकी. चाक बदलतानाचेच नऊ आहेत.

२४ डिसेंबर

लहान चूक पण लिहितो. तीन फोटोंत आजोबा डाव्या बाजूला स्टिअरिंगवर बसलेत. फोटो उलटा छापलाय असं समजून मी तिन्ही स्कॅन आडवे पलटवून टाकले आणि मूळ फाइल पुसली. मामानं चष्मा वर करत विचारलं, शर्टाची बटणं बायकांसारखी कशी? ती अमेरिकन लॉरी होती, स्टिअरिंग डावीकडंच. परत पलटवले. मूळ फाइल कधीही पुसू नका, बदल कॉपीवर करा. हे मला माझा सतरा वर्षांचा भाचा सांगून थकलाय.

७ जानेवारी २०२४

मोडी वाचणाऱ्या एका मॅडमनी ५८ पाठींचे फोटो घेऊन तीन आठवड्यांत वाचून दिले. पैसे घेतले नाहीत, गुळाची एक किलोची ढेप घेतली. त्यांनी बजावलं : मोडीत दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही, तेव्हा मी लावलेली फोड ही माझी फोड समजा.

बहुतेक ओळी साध्या. "चाक बसले गाळात." "रहिमतपूरचा जाधव आजारी." "राख दोन दिवस पडली." ठिकाणाचं नाव क्वचित.

पान १७ चा जांभळा झालेला फोटो : दोन माणसं, लॉरीच्या पायरीवर. एक आजोबा. दुसऱ्याचा चेहरा बरोबर सोल्युशनच्या डागात. वाचलेली अर्धी ओळ मॅडमनी लावली : "वळिवड्याचा पोळ."

वळिवडे म्हणजे गांधीनगरशेजारचं आपलं वळिवडे. तिथला कुणी पोळ आडनावाचा माणूस इटलीत आजोबांबरोबर! मामा एकदम खूश. त्याच्या ओळखीनं तिथल्या एका पोळांचा नंबर मिळाला, मग दुसऱ्या पोळांचा.

१३ जानेवारी

वळिवड्याला जाऊन आलो, मामा आणि मी, स्कूटरवर. दोन घरी चहा, एका घरी पोहे. मंडळी चांगली. थोरल्या पोळांनी फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला. "आमच्यातलं कोण लढाईला गेलं न्हाई हो. एक चुलता पोलिसात हुता, त्यो बी जतला." मामानं तरी त्यांच्या कानाचा आकार आजोबांच्या दोस्ताशी जुळवून बघितला. परत येताना म्हणाला, विसरले असतील.

पेट्रोल १५०.

२१ जानेवारी

पुसलेली दुसरी ओळ मिळते का ते बघायला आडवा उजेड वापरला. खोली अंधारी करून टॉर्च फोटोच्या पाठीला जवळजवळ टेकवून एका बाजूनं मारायची. शाई वाहून गेली तरी पेन्सिलीनं कागदात पाडलेली चर राहते. कॉपिंग पेन्सिल कडक असते, आणि आजोबांचा हात स्टिअरिंगवरचा, दाबून लिहिलेलं. चारही दिशांनी चार फोटो घेतले. एका दिशेनं पहिली तीन अक्षरं, दुसरीनं पुढची. कागद पाण्यात फुगल्यामुळं चर भरून आलीय, पण पूर्ण नाही.

हे चार फोटो मॅडमना पाठवले. सोबत समोरच्या बाजूचा, पोलरायझरनं काढलेला साफ फोटोही पाठवला. तो आधीच पाठवायला हवा होता. आम्ही त्यांना फक्त पाठी दिल्या होत्या, चित्र न बघता माणूस काय वाचणार.

४ फेब्रुवारी

मॅडमचा फोन सकाळी सातला. दुसरी ओळ : "आई भैन तिकडे आहेत."

आणि त्या म्हणाल्या, "अहो, पहिल्या ओळीतला तो शब्द पोळ नसेल. पोल असेल. याच्या खांद्यावरची पट्टी बघितलीत का?"

डाव्या बाहीच्या वर, खांद्याला लागून एक काळी आडवी पट्टी. मी ती शिवण समजत होतो. उजळली. पांढरी बारीक इंग्रजी अक्षरं : पी, ओ, एल स्पष्ट, पुढं घडी. लाल कापडावर पांढऱ्या अक्षरांत पोलंड. लाल पुन्हा काळं झालेलं, गरुडासारखंच. दीड महिन्यापूर्वी एक लाल सापडला म्हणून नाचलो आणि दुसरा समोर असून दिसला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १९४३ ते १९४८ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, रशियातून सुटून इराणमार्गे आलेली. त्यांचे बाप, नवरे, भाऊ जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यात. तेच सैन्य इटलीत होतं आणि कासिनोचा मठ १८ मे १९४४ ला शेवटी त्यांनीच घेतला. पोलिश माणसं गेल्यावर छावणीच्या जागी फाळणीतले सिंधी आले, त्याचं गांधीनगर झालं. महावीर उद्यानात पोलिशांच्या आठवणीचा स्तंभ आहे, मी त्याच्या कट्ट्यावर बसून अनेकदा भेळ खाल्लीय.

म्हणजे इटलीतल्या कुठल्यातरी रस्त्यावर एका पोलिश माणसानं कोल्हापूरच्या ड्रायव्हरला सांगितलं की माझी आई आणि बहीण वळिवड्याला आहेत. आजोबा त्या वेळी तीन वर्षं घरी आले नव्हते. त्या दोघी आजोबांच्या घरापासून सात-आठ मैलांच्या आत, आणि हे दोघं तिकडं. बोलले कुठल्या भाषेत कुणास ठाऊक.

मामीला सांगितलं. "गांधीनगर? आपण साड्या घ्यायला जातो त्ये?" मग थोड्या वेळानं : "मग आत्यांनी बघितलं असंल की त्या बायकांना. बाजाराला येत असतील." आजी १९९६ ला गेल्या. विचारायला कुणी नाही.

मामा काही बोलला नाही. फोटो मागून घेतला आणि खिडकीत नेऊन बराच वेळ बघत बसला. नंतर म्हणाला वळिवड्याच्या त्या पोळांना फोन करून सांगायला पाहिजे, त्यांनी पोहे केले होते.

१० फेब्रुवारी

१४ जोड्यांचा हिशेब. ६ पाण्यात सुटल्या (त्यातली एक पान १७ ची). ४ जोड्या पाणी न लावता, नुसत्या पाटीनं, कडेकडेनं, एकेकीला एक संध्याकाळ. त्यातल्या एका फोटोवर आजोबांच्या टोपीएवढा तुकडा निघून दुसऱ्याच्या पाठीला गेला. उरलेल्या ४ जोड्यांची काडी जांभळी होते आणि पाटी आत जात नाही. त्या तशाच ठेवल्यात. वाफ देऊन बघ असं एकानं सुचवलं. वाफ म्हणजे पाणीच. कुणाकडं खात्रीची पद्धत असेल आणि त्यानं ती कॉपिंग पेन्सिलीवर स्वतः करून बघितली असेल तरच सांगा.

१८ फेब्रुवारी

फोटो पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत (१२० पाकिटं, १,४४०). साध्या प्लास्टिकच्या पिशव्या घेऊ नका, चिकटतात. अल्बमची मूळ पानं फेकली नाहीत, कुठला फोटो कुठं होता त्याच्या खुणा त्यावर आहेत. बाइंडरकडून कापडी पेटी, ६५०. डिस्टिल्ड वॉटर २० लिटर लागलं, ४४०. स्कूटरचं पेट्रोल सोडून एकूण ६,७९५ रुपये. वेळ : शनिवार-रविवार आणि रात्री धरून दीडशे तासांच्या वर, त्यातले तीस-चाळीस चुका निस्तरण्यात.

क्रम बदलायचा असता तर : आधी प्रत्येक फोटोची पाठ बघायची, जिथवर कड उचलते तिथवर. मग काडीची चाचणी. मग पुढची बाजू. मी उलटं केलं.

छापील प्रती तीन मावश्यांना दिल्या. थोरल्या मावशीच्या प्रतीत पान १७ खाली अजून "वळिवड्याचा पोळ" असंच छापलंय, ती ४ तारखेच्या आधी छापली होती. मी पेननं दुरुस्त करायला गेलो तर म्हणाली राहू दे, वर नुसतं लिही. लिहिलं.

पेटी मामाकडं परत. भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण आहे, मामानं तिथं खिळा मारून ठेवलाय. माळ्याची फळी खिळ्यापासून चार फूट वर. सिलिकाचे दाणे मामी बघणार, गुलाबी झाले की भाजायला कढई वेगळी दिलीय.